व्हेनियर की कॅप? आधी बघा, दात किती शिल्लक आहे

हसताना दात कसे दिसतात यावरून व्हेनियर लावायचं की कॅप बसवायची हे ठरवू नका. निरोगी दात किती उरला आहे आणि तो तोंडात कुठे आहे, हे आधी बघा.

व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. त्यासाठी दात साधारण ०.३ ते ०.७ मिमी घासतात, तोही शक्यतो वरच्या कवचापुरताच, म्हणजे इनॅमलपुरता. इनॅमलवर व्हेनियर घट्ट धरतं. घासताना इनॅमलच्या आतला मऊ थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडला तर पकड कमी होते आणि सणकही येते. कॅप म्हणजे सगळा दात झाकणारं टोपण. त्यासाठी मात्र दात चहूबाजूंनी १ ते २ मिमी कोरावा लागतो. एकदा कोरलेला दात परत भरून येत नाही, आणि खोल कोरला तर आतल्या नसेला इजा होऊन पुढे रूट कॅनॉलची पाळी येऊ शकते. म्हणून पुढचे धडधाकट दात केवळ पांढरे दिसावेत यासाठी कॅपखाली घालू नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

रूट कॅनॉल झालेली दाढ, मोठं सिमेंट भरलेली दाढ किंवा चीर गेलेला दात, इथे कॅपच हवी. चावताना दाढेवर मोठा दाब येतो, आणि झाकलेली नसेल तर तिचा उभा तुकडा उडतो. मात्र कॅपला धरायला हिरडीच्या वर चारी बाजूंनी १.५ ते २ मिमी भक्कम दात उरलेला हवा. तेवढा नसेल तर कॅप निघते, नाहीतर दात मुळाशी मोडतो. पुढच्या दाताचं रूट कॅनॉल झालं असेल पण दात जवळपास शाबूत असेल, तर साधं फिलिंगही पुरतं. कॅप लागेलच असं नाही.

डाग, थोडी फट, टोकाचा उडालेला कपचा, किंचित वाकडेपणा, हे व्हेनियरचं काम. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. तिथे सुरुवात ब्लीचिंगने किंवा डॉक्टरांकडून वरचा थर हलका घासून घेऊन करावी. डाग खोल असतील, कवच खडबडीत होऊन झडत असेल, तरच व्हेनियरचा विचार करावा, आणि कवच बरंच गेलं असेल तर कॅपचा. ब्लीचिंग आधीच उरकावं, कारण सिरॅमिकचा रंग नंतर बदलत नाही. ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबून मगच व्हेनियर चिकटवावं. लगेच चिकटवलं तर नीट धरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना व्हेनियर आणि कॅप दोन्ही टाळलेलं बरं. त्यांच्या दातातली नस मोठी असते आणि हिरडीही अजून सरकत असते. तोवर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, पुरे.

रात्री दात खाण्याची सवय असेल, दात झिजून सपाट झाले असतील किंवा सुपारी चघळत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अशा तोंडात व्हेनियर तडकतं. करायचंच असेल तर झोपताना दातांवर चढवायचा नाइट गार्ड न चुकता वापरावा लागेल. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी सफाई आणि उपचार. सुजलेल्या हिरडीजवळ माप नीट येत नाही, आणि चिकटवताना रक्त किंवा लाळ लागली तर पकड जाते.

व्हेनियरचा किंवा कॅपचा रंग डॉक्टर दात कोरायला घेण्याआधी आणि दिवसाच्या उजेडात ठरवा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून फिकट दिसतात आणि शेड चुकते. व्हेनियर करणार असाल तर आधी मेणाचा नमुना करून त्यावरून तोंडात तात्पुरता आकार लावून दाखवायला सांगा; बोलून, हसून बघा. दर्शनी दातांना मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) कॅप लावली तर हिरडी सरकल्यावर कडेला काळी रेघ दिसते. तिथे झिरकोनिया किंवा लिथियम डायसिलिकेट हे धातू नसलेले सिरॅमिकचे प्रकार चांगले. दाढेला झिरकोनिया टिकाऊ पडतो.

कायमचं चिकटवण्याआधी शेजारच्या दातांच्या फटीतून फ्लॉस ओढून बघायला सांगा. तो अडकला किंवा फाटला तर कडा नीट बसलेली नाही. तिथे अन्न साचून दात आतून किडतो. रंगीत कागद चावून दाब एकाच ठिकाणी पडतो का तेही तपासलं पाहिजे. घरी गेल्यावर चावताना पहिल्यांदा तोच दात लागत असेल तर सवय होईल म्हणून थांबू नका, एक-दोन दिवसांत जाऊन उंची कमी करून घ्या. कॅप निघालीच तर फेविक्विकने चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. आतला दात शाबूत असेल तर बहुधा तीच पुन्हा बसते.