२१ दिवसांचा उशीर, १२ दिवसांची मुदतवाढ

कंत्राटदाराकडे नियोजन अभियंता म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मुदतवाढीचा अर्ज तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. पाइल कॅपचे, म्हणजे पायाच्या खोल खांबांच्या (पाइलच्या) डोक्यावर ओतायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, नकाशे आम्हाला २१ दिवस उशिरा मिळाले होते. मी मूळ बेसलाइन शेड्यूलमध्ये (सुरुवातीला ठरलेल्या वेळापत्रकात) २१ दिवसांची एक ॲक्टिव्हिटी घातली, प्रायमाव्हेरा या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा पुन्हा मोजणारे एफ९ दाबले आणि काम पूर्ण होण्याची तारीख बरोबर २१ दिवस पुढे सरकलेली पाहून निश्चिंत झालो.

मालकाच्या सल्लागाराने अर्ज लगेच परत पाठवला. नकाशे मिळायला हवे होते त्या सुमारास आमची रिग (पाइलसाठी जमिनीत भोक पाडणारे यंत्र) बिघडल्यामुळे पाइलिंगच ९ दिवस मागे पडले होते आणि तसे आमच्याच मासिक अपडेटमध्ये दिसत होते. नकाशे वेळेवर आले असते, तरी ते ९ दिवस पाइल कॅपला हात लावता आला नसता. आधीच ९ दिवस घसरलेली तारीख नकाशांमुळे २१ दिवसांवर गेली, म्हणून आमच्या पदरात १२ दिवस पडले.

माझ्या पद्धतीला ‘इम्पॅक्टेड ॲज-प्लॅन्ड’ म्हणतात. ती सर्वांत सोपी आणि तितकीच लंगडी आहे, कारण साइटवर प्रत्यक्षात काय घडले याच्याशी तिला कर्तव्य नसते. सल्लागाराने वापरलेल्या ‘टाइम इम्पॅक्ट ॲनालिसिस’मध्ये घटनेच्या लगेच आधीचे अपडेट घेऊन त्यात ती घटना जोडतात आणि आधीच्या व नंतरच्या तारखांतील फरक मोजतात. काम संपल्यानंतर वाद उभा राहिला, तर कालावधीचे महिन्यांनुसार तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या उशिराने अखेरची तारीखच पुढे जाते, ती साखळी) कुठून कुठे सरकला हे पाहणारी ‘विंडोज’ पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते. अर्थात त्यासाठी दर महिन्याची प्रामाणिक अपडेट जपलेली असावी लागतात. ‘कोलॅप्स्ड ॲज-बिल्ट’मध्ये प्रत्यक्ष झालेल्या शेड्यूलमधून मालकाचे विलंब वजा करतात, पण कामांमधील दुवे मागाहून जोडावे लागत असल्याने तेथे हातचलाखीला वाव राहतो. ब्रिटनमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या विलंबविषयक प्रोटोकॉलच्या २०१७ च्या आवृत्तीत अशा सहा पद्धती आहेत. नवख्याने तो आधी वाचावा आणि सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण नंतर घ्यावे, असे माझे मत आहे.

आपल्याकडील सरकारी कामांवर हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, असते. त्यात अडथळा सुरू झाल्याची व दूर झाल्याची तारीख, दुसऱ्या अडथळ्याशी झालेला ओव्हरलॅप आणि उरलेले निव्वळ दिवस लिहितात. ओव्हरलॅपचा रकाना रिकामा सोडण्याची सवय महागात पडते, कारण एकाच आठवड्यात नकाशेही नव्हते आणि सळईही नव्हती, तर तो आठवडा दोनदा मोजता येत नाही. शिवाय रजिस्टरमधले सगळे दिवस क्रिटिकल पाथवर असतातच असे नाही. फ्लोट, म्हणजे अखेरची तारीख न हलवता लांबवता येणारे दिवस, शिल्लक असलेल्या कामाचा उशीर त्या फ्लोटमध्येच जिरतो.

नोटिशीबाबतही ढिलाई नको. मुदतीची अट मूलभूत असलेल्या करारात उशिरा झालेले काम स्वीकारतानाच नोटीस दिली नाही, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, हे मालकाच्या बाजूने काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

रोजनिशीत ‘पाऊस, काम बंद’ एवढेच लिहिलेले असले, तर विश्लेषणाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. आता मी साइट इंजिनिअरकडून अशी नोंद घेतो: ‘सकाळी ११ ते दुपारी ४ पाऊस, ग्रिड सी-४ ते सी-७ मधील सळई बांधणी बंद, १४ फिटर बसून, दोन पंपांनी उपसा चालू.’ त्याखाली मालकाच्या प्रतिनिधीची सही त्याच संध्याकाळी घेतो. आठवड्याने ती मिळत नाही.