आधी डबा उघडायला शिकवा

जूनमध्ये मूल बालवाडीत जाणार असेल, तर एबीसीडी सध्या बाजूला ठेवा आणि त्याला डबा उघडायला शिकवा. मधल्या सुट्टीत बाई एक, मावशी एक आणि अडलेली झाकणं दहा. ज्याचं झाकण निघत नाही ते पोर गप्प बसून राहतं, पोळीभाजी तशीच घरी येते आणि आपण म्हणतो, शाळेत खातच नाही!

चार क्लिपांचा डबा दुकानात छान दिसतो, पण तीन वर्षांच्या बोटांना तो झेपत नाही. सैलसर झाकणाचा घ्या. शाळेआधी पंधरा दिवस घरी चार वाजताचा खाऊ त्याच डब्यातून, सतरंजीवर बसवून द्या. झाकण अडलं की लगेच हात पुढे करू नका, मनात वीसपर्यंत मोजा. (आजीला हे सांगणं सगळ्यात अवघड!) सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. पोळीची सुरळी करून दिली तर खायला सोपी जाते. पाण्याच्या बाटलीचीही अशीच तालीम हवी.

चड्डी इलॅस्टिकची घाला, बटणं नकोत. आणि ‘शू लागली’ हे मोठ्यानं म्हणायची सवय आत्तापासूनच लावा.