दुसरा भाग फसला, हे लिहायचं कसं?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची पोरं हल्ली सिनेमावर लिहायला लागली आहेत. अधूनमधून कोणीतरी लेख पाठवतं, ‘भो, जरा नजर टाका.’ सिनेमा दुसऱ्या भागाचा असला की पहिलं वाक्य मला न वाचताच कळतं: ‘पहिल्याची सर नाही.’ बरं, नाही. पण का नाही? लेख सुरू व्हायचा तिथेच नेमका संपतो.

आधी पोटापाण्याचं. मी दिवसा क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो आणि उरल्या वेळात परीक्षणं लिहितो. मानधन येतं तेव्हा येतं आणि त्यावर घर चालत नाही. दुसरी सोय असेल तरच या धंद्यात मजा आहे.

सरावासाठी मी नवख्यांना ‘मेजर लीग’ची जोडी देतो. पहिला १९८९चा, दुसरा १९९४चा. दोन्ही बेसबॉलवरचे विनोदी सिनेमे, दोन्हींचा दिग्दर्शक डेव्हिड एस. वॉर्ड, बरेचसे नटही तेच. ‘नवीन माणसाला जमलं नाही’ ही पळवाट बंद होते, म्हणून ही जोडी चांगली.

पहिल्यात क्लीव्हलँडच्या संघाच्या मालकिणीला संघ हरायलाच हवा असतो. प्रेक्षक घटले की तिला संघ मायामीला हलवता येणार असतो. म्हणून ती मुद्दाम टाकाऊ माल गोळा करते. कॅचरचे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचे, गुडघे गेलेले, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थेट तुरुंगातून आलेला, आणि मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, टायरच्या दुकानात कामाला. या मॅनेजरला मोठ्या संघाची नोकरी फोनवर देऊ करतात, तर तो म्हणतो, विचार करून सांगतो, दुसऱ्या लाइनवर टायरचं गिऱ्हाईक आहे! एवढ्या एका फोनमध्ये माणूस उभा राहतो. नवख्याने असे प्रसंग वहीत टिपावेत. ‘संवाद खुसखुशीत’ असं लिहून काही हाती लागत नाही.

तुरुंगातून आलेला पिचर चार्ली शीनने केलाय. चेंडूला वेग भन्नाट, पण तो जातो कुठेही. सगळे वैतागतात, आणि मग कळतं की गड्याला नीट दिसतच नाही. चष्मा लागतो आणि चेंडू जागेवर पडायला लागतो. विनोद, अडचण आणि कथेचं वळण, तिन्ही एका चष्म्यात.

आता दुसरा भाग. इथे सगळ्यांचं बरं चाललंय. पिचरला सूट, जाहिराती, एजंट मिळालेत आणि चेंडूतला जोर गेलाय. देवाला रम नि सिगार वाहणारा तगडा फलंदाज शांत बौद्ध झालाय. धावण्यात तरबेज असलेला विली मेज हेज हंगाम संपल्यावर सिनेमात काम करून आलाय, आणि त्या भूमिकेत वेस्ली स्नाइप्सच्या जागी ओमार एप्स आहे. म्हणजे आधी सगळ्यांना पुन्हा खाली आणायचं, मग वर न्यायचं. एवढ्या खटाटोपात सिनेमाचा जीव जातो. पहिल्यातल्या प्रत्येकाला काहीतरी जिवाच्या आकांताने हवं होतं. दुसऱ्यात त्यांना हवं ते मिळून गेलंय. माझ्या मते दुसरा भाग इथेच हरतो, शेवटच्या सामन्यात संघ जिंकला तरी.

त्यात पहिल्या सिनेमाला अमेरिकेत ‘आर’ म्हणजे मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं, दुसऱ्याला ‘पीजी’, म्हणजे पोरांनाही चालणारं. शिवराळ खेळाडूंची तोंडं धुऊन काढली. वांगी तीच, पण पऱ्हाटीवर न भाजता गॅसवर भाजली तर भरीत कसं लागतं ते खान्देशात वेगळं सांगायला नको. तिकडे कमाईही पाचेक कोटी डॉलरवरून तीनेक कोटींवर आली. हा आकडा लेखात शेवटी कुठेतरी टाका, पुरावा म्हणून नको. पडलेले चांगले सिनेमेही असतात.

काय टिकलं तेही लिहा. समालोचक झालेला बॉब युकर दोन्हींत धमाल आहे. हा माणूस १९६०च्या दशकात खरोखर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, कॅचर म्हणून खेळलेला, पुढे मिलवॉकीच्या संघाचा रेडिओवरचा आवाज झाला. २०२५च्या जानेवारीत गेला. त्याची खुर्ची हलली नाही, विनोदही हलला नाही.

खेळाचे नियम शिकून घ्या, पण सगळ्याचं क्रिकेट करू नका. कॅचरला विकेटकीपर म्हणून मोकळं होता येत नाही. पुढचा चेंडू कुठला टाकायचा ते या सिनेमांत तो बोटांच्या खुणांनी पिचरला सुचवतो. पहिल्या भागाचा शेवट घ्या. गुडघे गेलेला कॅचर बॅटिंगला येतो आणि बोट दाखवतो, चेंडू तिकडे प्रेक्षकांत जाणार. १९३२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, बेब रूथ या नामांकित फलंदाजाने असंच बोट दाखवल्याची दंतकथा तिकडच्या पोराटोरांना पाठ असते. मैदानातले खेळाडू मागे सरकतात आणि हा बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायापाशी टाकतो, त्या गुडघ्यांनी पळतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या थांब्यावर, असलेला हेज शेवटचा थांबा गाठतो आणि धाव होते. बॅट आडवी धरून चेंडू असा जवळच टाकण्याला बंट म्हणतात. तो माहीत नसेल तर परीक्षणात ‘शेवट रोमांचक’ याच्या पुढे काही लिहिताच येत नाही.

वाचकाला हे सगळं एका दमात समजावू नका. उन्हाळ्यात गावोगावी टेनिस बॉलच्या टुर्नामेंट बघणारा आपला वाचक आहे. बाद कसं होतात ते त्याला नको असतं, त्या क्षणी डाव कोणाचा फसला हे हवं असतं.

हीच फूटपट्टी ‘हॅपी गिलमोर’ या गोल्फवरच्या विनोदी सिनेमांच्या जोडीला लावून बघा, १९९६ आणि २०२५. पहिल्यात आजीचं घर वाचवायचंय, दुसऱ्यात मुलीच्या बॅले शाळेची फी भरायचीय. कोणतं कारण तुम्हाला जास्त खरं वाटलं आणि का, यावर एक पान लिहा. अहिराणी विनोदी व्हिडिओंच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांवरही लिहा. त्यावर गंभीरपणे लिहिणारे अजून फार नाहीत, आणि तुमच्या नावाची ओळख मुंबईच्या सिनेमापेक्षा तिथे लवकर होईल.

पुरवणीला लेख देताना शब्दमर्यादा पाळा आणि तारे किती ते संपादकाला ठरवू देऊ नका. राहिला ‘मेजर लीग’चा तिसरा भाग, १९९८चा. त्यात संघच बदलला. त्यावर माझ्याकडे अजून कोणी लेख मागितलेला नाही, आणि मीही आठवण करून दिलेली नाही.