चालू डेंटल क्लिनिक घेताय? आधी ब्रेसेसवाले पेशंट मोजा

नागपुरात धरमपेठ नाहीतर मनीषनगरला चालू क्लिनिक विकायला आहे म्हटलं की लोक आधी खुर्ची आणि इंटिरियर बघत बसतात, अहो खुर्ची काय नवीनही मिळते. 3 वर्षांचे आयटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट मागा, अपॉइंटमेंट रजिस्टरशी जुळवा, आणि "कॅशमध्ये बरंच येतं" म्हणाले तर जे कागदावर नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

खरी गोम ब्रेसेस आणि इम्प्लांटच्या अर्धवट पेशंटमध्ये असते, पैसे जुन्या डॉक्टरांनी आधीच घेतलेले आणि उरलेलं वर्षभराचं काम तुमच्या गळ्यात, म्हणून एकेकाचं नाव, किती जमा, किती काम बाकी अशी यादी करून तेवढी रक्कम किमतीतून कापून घ्या.

एक्स-रे मशीनचं एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) रजिस्ट्रेशन, बायोमेडिकल वेस्टची परवानगी तुमच्या नावावर लागेल. जागा भाड्याची असेल तर घरमालकाला स्वतः भेटा. ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मे महिन्यातल्या दुपारी, एसी चालू असताना चालवून बघा, नागपूरच्या उन्हात लोड झेपतो का कळेल.

आणि जुने डॉक्टर चार गल्ल्या सोडून परत बोर्ड लावणार नाहीत हे करारात घ्याच, गुडविल, म्हणजे क्लिनिकचं कमावलेलं नाव, विकत घेतली असेल तर काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 मध्ये वाजवी हद्दीपुरती अशी अट चालते.