बाळंतविडा शिवताना आणि घरी डोहाळजेवण करताना या चुका टाळा

"काकू, वहिनीचं डोहाळजेवण रविवारी आहे. घरीच काहीतरी शिवून द्यायचंय. दोन दिवसांत काय होईल?"

हा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि तो नेहमी शुक्रवारी येतो. दोन दिवसांत लंगोट होतील, बाई. लंगोट शिव. पण लंगोट कुणालाच द्यायचे नसतात. सगळ्यांना खणाची कुंची हवी, तिला मोत्यांची झालर हवी, त्याच कापडाचं टोपडं हवं आणि फोटोत ते सगळं एका ओळीत दिसायला हवं. बाळाला काय हवं हे विचारणारी मला अजून भेटायचीय.

तीस वर्षं झबली-टोपडी शिवतेय, गल्लीतली आणि नात्यातली मिळून डोहाळजेवणंही बरीच केली. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहून टाकते.

कापड न भिजवता कात्री लावणं

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी चूक ही. दुकानातून मलमल आणली, घडी मोडली की लगेच कापायला घेतली. नव्या सुती कापडात खळ असते, ती धुतल्याशिवाय जात नाही. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज जातात, कधी जास्तही. मोठ्यांच्या कुर्त्यात हे खपून जातं, पण वीतभर झबल्यात चार सेंटीमीटर म्हणजे काखच गेली. आणि अस्तर एका जातीचं, वरचं कापड दुसऱ्या जातीचं असेल तर दोन्ही वेगवेगळी आटतात आणि कुंचीला फुगे येतात.

रंगाचं तर विचारूच नका. ही माझीच गोष्ट आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. नणंदेला पहिला मुलगा झाला तेव्हा मी नवीनच लग्न होऊन आले होते, आणि शिवणाच्या क्लासला पहिला नंबर आल्याची मिजास होती. पांढऱ्या मलमलीचं दुहेरी दुपटं केलं आणि चारी बाजूंनी लालभडक उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पट्टी भिजवलीस का?" मी म्हटलं, मिठाच्या पाण्यातून काढलीय. आणि खरंच काढली होती, मूठभर मिठाच्या बादलीत पाच मिनिटं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. रात्री त्याच दुपट्यात गुंडाळून बाळाला निजवलं. बाळानं रात्रभर आपलं काम केलं. पहाटे नणंदेनं दुपटं सोडलं तर पोराच्या दोन्ही मांड्या, पाठ, कुल्ले, सगळं गुलाबी! तिची आजेसासू उठली, तिनं चष्मा लावला आणि ओरडली, "पोराला गोवर उठलाय!" पुढचा अर्धा तास घरात जे चाललं ते विचारू नका. स्कूटर सुरू होईना, शेजारच्यांची जीप काढली, दवाखान्याच्या दारात सकाळी साडेसहाला नऊ माणसं. डॉक्टरांनी बाळाला उघडं केलं, क्षणभर बघितलं, कापसाचा बोळा ओला करून मांडीवरून फिरवला आणि तो गुलाबी बोळा आमच्यासमोर धरला. "दुपटं कुणी शिवलं?" एवढंच विचारलं. नऊच्या नऊ जणांनी माझ्याकडे बघितलं.

तर मिठानं रंग पक्का होतो हे डोक्यातून काढा. तुरटीनं होत नाही, व्हिनेगरनंही होत नाही. कारखान्यात जो रंग बसला तो बसला, घरच्या बादलीत तो नव्यानं पक्का होत नाही. बादलीच्या उपयोगानं कळतं एवढंच की रंग जातोय की नाही. माझी पद्धत अशी: कापडाचा कोपरा ओला करायचा, त्यावर पांढरा सुती रुमाल ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला डाग पडला की ते कापड उशीच्या अभ्र्याला, बाळाला नाही. पास झालं तरी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, साध्या साबणानं धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि मगच कात्री हातात घ्यायची. शिवून झाल्यावर पुन्हा एकदा धुवायचं. धुताना तो वासाचा मऊपणा आणणारा द्राव घालू नका, त्यानं सुती कापड पाणी शोषत नाही आणि दुपट्याचं कामच शोषायचं आहे. हे सगळं करायला दोन दिवस जातात. म्हणून म्हटलं, शुक्रवारी फोन करू नका.

मापं, टाके, दोरे

जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटीमीटर घेराचं असतं, तीन महिन्यांत ते चाळिसाच्या आसपास जातं. हौशी मंडळी जन्माच्या मापाचं टोपडं शिवतात, ते दोन आठवडे घालायला मिळतं. मी चाळीसच धरते आणि मागे चुणी घालून ठेवते, वाढलं की टाका उसवायचा. टोपड्याचे बंद आखूड ठेवा. गळ्याखाली वीतभर लोंबणारे रेशमी गोंडे फोटोत छान दिसतात, बाळ झोपलं की तेच गळ्यात अडकतात. आणि झोपताना टोपडं काढायचंच.

झबलं डोक्यातून घालायचं करू नका. ज्यांनी दहा दिवसांच्या बाळाची मान धरून गळ्यातून कपडा घातलाय त्यांना सांगावं लागत नाही. पुढून किंवा मागून पूर्ण उघडणारं आणि बाजूला बंद असलेलं करा. आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या.

शिवणीची कड बाहेरच्या बाजूला येऊ दे. उलटं दिसतं म्हणून लोक नाक मुरडतात, मुरडू देत. मलमलीला मशीनची सोळा नंबरची सुई लावू नका, अकरा लावा. सोळाच्या सुईनं कापडाला भोकं पडतात आणि पहिल्या ओढीला शिवण सरकते.

गुळेदगुड्डचा खण सुरेख दिसतो, कुंचीला त्याच्यासारखं दुसरं कापड नाही हे मलाही मान्य. पण त्याचा काठ कडक असतो, आतून मलमलीचं अस्तर हवंच, आणि ते चेहऱ्याच्या कडेला उलटून बाहेर अर्धा इंच दिसलं पाहिजे. टिकल्या, मोती, आरसे, घुंगरू, बटणं काहीही नको. "घट्ट शिवलंय" असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या ब्लाउजचे हूक किती दिवस टिकतात ते आठवावं.

फेविकॉलनं चिकटवलेला हत्ती ही भेट नाही.

लोकरीच्या मोज्यांबद्दल मात्र जरा थांबते. मोजे विणून झाले की आत दोऱ्याची टोकं लोंबत राहतात, तशीच सोडून देतात, "आत आहेत, दिसत नाहीत" म्हणून. तो दोरा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, आवळतो, रक्त अडतं, बोट सुजतं. बाळ रडत राहतं आणि घरचे ग्राइप वॉटर पाजत राहतात, कारण मोजा काढून बघायचं कुणाला सुचत नाही. हातमोज्यांचंही तेच. टोकं विणीतून मागे-पुढे ओवून संपवा, मग मोजा उलटा करा आणि आपलं बोट आत घालून फिरवा. कुठेही अडकलं तर ते मोजे देऊ नका.

क्रोशाचं जाळीदार ब्लँकेटही याच कारणासाठी नको. भोकात बोटं जातात. घट्ट वीण करायला वेळ लागतो म्हणूनच तर जाळी करतात.

आणि टाचण्या. मी एका डबीत मोजून वीस टाचण्या ठेवते. काम संपलं की मोजते. एकोणीस भरल्या तर विसावी सापडेपर्यंत चहासुद्धा नाही.

ऋतू बघा! डोहाळजेवण सातव्यात, म्हणजे बाळ अजून दोन-अडीच महिन्यांनी येणार. जानेवारीत थंडी वाजतेय म्हणून स्वेटर विणायला घेता, बाळ येतं एप्रिलच्या उन्हात, तेही नागपूर-अकोल्याला. आणि पुढच्या थंडीत ते सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं. मोठ्या मापाचा विणा नाहीतर मलमलच द्या. एका जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीतून एकेरी आठ-नऊ दुपटी सहज निघतात. यापेक्षा उपयोगी भेट मला तरी माहीत नाही, आणि तीच कुणी देत नाही, कारण "जुनं कसं द्यायचं?"

जुनं देताना एकच सांभाळा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, गोधड्या तशाच बाहेर काढून बाळाच्या अंगावर घालू नका. काही बाळांच्या रक्तात एक विकर जन्मतः कमी असतं, त्याला जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणतात. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासानंही लाल पेशी फुटून जोरदार कावीळ होऊ शकते, आणि आपल्या बाळाला ते आहे की नाही हे घरात कुणाला ठाऊक नसतं. माझ्या कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड असतं, डांबर गोळी नाही.

उत्सवमूर्तीला उपाशी ठेवणं

आता डोहाळजेवणाकडे येते. नावातच जेवण आहे, आणि जिचं जेवण तिलाच सगळ्यात शेवटी मिळतं.

आमच्या एका जाऊबाईंनी सुनेचं डोहाळजेवण गच्चीवर केलं. चांदण्यातलं. थर्माकोलची चंद्रकोर, दिव्यांच्या माळा, निशिगंधाची वाडी: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. वेळ सातची दिली होती. पोरीनं एक वाजता जेवण केलं, चार वाजता तिला सजवायला बसवलं. सातला ती चंद्रकोरीत जाऊन बसली. फोटोवाला म्हणाला, पूर्ण अंधार होऊ दे, दिवे छान येतात. मग मावशी पोचल्या नव्हत्या. मग नणंदेच्या गटानं नाच बसवला होता, त्यांचा स्पीकर लागेना. ओटी भरायला सव्वानऊ झाले. चंद्रकोरीला पाठ टेकायला जागा नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, नाकाखाली किलोभर निशिगंध. आणि मग एकवीस जणी ओळीनं पेढा भरवायला. "एकच घास गं, माझा नाही म्हणू नकोस." प्रत्येकीचा एकच घास, पण घास एकवीस! सातव्या की आठव्या पेढ्याला ती म्हणाली, "मला कसंतरीच होतंय," आणि बाजूच्या बाईच्या अंगावर कलंडली. वाडीच्या तारा आधी कापाव्या लागल्या. तिला खाली नेऊन डाव्या कुशीवर निजवलं, लिंबू-साखर-मीठ पाजलं, तासाभरानं तिनं दहीभात मागितला. वर मसालेभात, साखरभात, नारळीभात, सगळं तयार होतं. दहीभात कुणी केला नव्हता.

तेव्हापासून माझ्या हातात कार्यक्रम असला की मी कुणाचं ऐकत नाही. सकाळी अकराला सुरू, एकला पानं. गर्भारशीला साडेदहाला वाटीभर वरणभात किंवा उपमा खायला घालूनच साडी नेसवायची. पाठ असलेली खुर्ची, पायाखाली पाट, आणि झोपाळा असलाच तर तो बांधून ठेवलेला. फुलं तिला विचारून, वासाची नकोत म्हणाली तर शेवंती. फोटो अर्धा तास, आधी. भरवायचं ते फक्त आई आणि सासू, बाकीच्यांनी ओटीत फळ घालावं. अनेकींना हल्ली गर्भारपणात साखर निघते, आणि ती चारचौघींत सांगायला पोरी लाजतात. पेढा नको म्हटलं की नको.

भाताचे पाच प्रकार करायचा हट्टही सोडा. पंचवीस माणसांच्या घरगुती कार्यक्रमात एक मसालेभात आणि एक दहीभात पुरतो, बाकीचे तीन दुसऱ्या दिवशी शेजारी वाटावे लागतात.

गुलाबी-निळे फुगे फोडून मुलगा की मुलगी जाहीर करायचे व्हिडिओ बघून काही जणी विचारतात, आपल्याकडे करू या का? नाही. १९९४ च्या कायद्यानं डॉक्टरांनी लिंग सांगणंच गुन्हा आहे, तुम्ही काय जाहीर करणार? आपला पेढा-बर्फीचा खेळ आहे तेवढा पुरे. त्यातही बर्फीची वाटी उघडली की मागच्या रांगेतून "असू दे, असू दे" असा एक सुस्कारा येतो. तो मला सहन होत नाही, म्हणून मी दोन्ही वाट्यांत पेढाच ठेवते. एकदा दोन्हींत बर्फी ठेवली होती, त्याचा राग एक मामेसासू अजून धरून आहेत.

आणि गर्भारशीची आई किंवा आजी विधवा असेल तर तिला स्वयंपाकघरात अडकवू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव ग्रामसभेत केला, आपल्याला आपल्या हॉलमध्ये एक खुर्ची पुढे सरकवायला काय हरकत आहे? पहिली ओटी तिला भरू द्या.

शिवण वेळेत झाली नाही तर रात्री दोनला हातानं टाके घालत बसू नका. डोहाळजेवणाला नारळ द्या, बाळंतविडा बारशाला द्या, नाहीतर महिन्यानं. मी सोबत एक चिठ्ठी टाचते, दोऱ्यानं, टाचणीनं नाही: कापड कुठलं, किती वेळा धुतलं, इस्त्री चालेल का.

ते लाल पट्टीचं दुपटं नणंदेनं मला परत दिलं होतं. मशीनवर झाकायला वापरते. गेल्या महिन्यात चुकून पांढऱ्या धुण्यात गेलं, आणि ह्यांचे दोन बनियन गुलाबी झाले.