जुनं आउटबोर्ड मशीन पुन्हा चालू झालं

दिवाळे कोळीवाड्यातल्या काकांच्या होडीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. दोरी ओढून खांदे भरून आले, तरी चालू होईना. प्लग काढून बघितला: ठिणगी निळी, पण टोक कोरडं. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता, म्हणजे अडचण तिथे नव्हती. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला डिंकासारखा चिकटा आणि मेन जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) बुजलेला. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारून हवेने फुंकला. खरा घोळ जुन्या रबरी नळीचा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ती आतून सुटत होती, काळे कण बोटाला लागले. नळी बदलली, ताज्या पेट्रोलमध्ये मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे २५ ला १ ऑइल घातलं. पाण्याच्या पिंपात उभं करून चोक ओढला, आणि धूर सोडत पेटलं की! पाण्याबाहेर चालवलं तर मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) जातो, म्हणून पिंप.