मिंटला विंडोजचा मुखवटा कसा चढवायचा

बाबांचा लॅपटॉप जुना, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याच्यावर चढत नाही कारण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाहीये त्यात, मग एका रविवारी मुलुंडला घरी बसून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) टाकलं, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवालं. सोसायटीचे हिशोब, नोटिसा सगळं ते त्याच्यावरच करतात. पहिलाच प्रश्न, "अरे, स्टार्ट कुठंय?"

खरंतर मेनू डाव्या कोपऱ्यातच असतो, फक्त चिन्ह वेगळं. मेनूवर राइट क्लिक, कॉन्फिगर, तिथे आयकॉन बदलता येतो. झालं, अर्धं भांडण मिटलं.

आता थीम. गिटहब या साइटवर बूमरँग प्रोजेक्टची विंडोज १० थीम आणि त्याच नावाचे आयकॉन मिळतात, दोन्ही झिप उतरवा आणि उघडा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात, थीमचं फोल्डर डॉट थीम्समध्ये (.themes) टाका, आयकॉनचं डॉट आयकॉन्समध्ये (.icons), ही फोल्डरं नसतील तर स्वतः बनवा, नावाआधीचा टिंब विसरू नका (मी विसरलो, पंधरा मिनिटं गेली). मग सिस्टम सेटिंग्ज, थीम्स, अॅडव्हान्स्ड, आणि अॅप्लिकेशन्स, आयकॉन्स, डेस्कटॉप एकेक निवडा. अॅप्लिकेशन्सची निवड बदलून डेस्कटॉपची राहिली तर अर्धं मिंट अर्धं विंडोज असं कडबोळं होतं.

सगळे म्हणतात आधी टाइमशिफ्टचा (मिंटमधला बॅकअपचा प्रोग्राम) स्नॅपशॉट घ्या. घ्या, पण तो होम फोल्डर आपणहून धरत नाही आणि थीम, पॅनलची (म्हणजे खालच्या पट्टीची) सेटिंग्ज सगळी होममध्येच, त्यामुळे इथे त्याचा फार उपयोग नाही. त्यापेक्षा एक वेगळा युजर बनवून त्याच्यात आधी खेळून बघा. आणि पॅनल अडकलंच तर आल्ट आणि एफ २ दाबून नुसतं इंग्रजी आर टाइप करून एंटर मारा, सिनॅमन नव्याने सुरू होतं, उघडी कामं तशीच राहतात. नेटवरची 'एका ओळीत सगळं विंडोज' टाइपची स्क्रिप्ट मात्र सुडो (अॅडमिनचे अधिकार) लावून चालवू नका प्लीज.

डेस्कटॉपवर कॉम्प्युटर आणि कचरापेटी हवी असेल तर सिस्टम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप, तिथे टिक.

पण दिसण्यापेक्षा हाताची सवय जास्त नडते. लिबर ऑफिसमध्ये (मिंटवर एमएस ऑफिसच्या जागी हेच) व्ह्यू, युजर इंटरफेस, टॅब्ड केलं की वरची पट्टी ओळखीची वाटते, आणि टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्हमध्ये जाऊन सेव्ह करायचा फॉरमॅट डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स ठेवा, नाहीतर सेक्रेटरीकाका फोन करतात, फाइल उघडत नाही म्हणून. नोटिसांसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी कागप फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप होतं) टाकलं. बाबा अजूनही लिबर ऑफिसला एक्सेलच म्हणतात, मी काही बोलत नाही.